शेवटची कात

"घरी विचारून सांगते," असं नीला म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिच्या ध्यानात आलं, की घरी विचारायला आता कोणी उरलेलं नाही. तिचे वडील, भाऊ, माघात गेले. आई त्याच्या कितीतरी आधी, नीला कॉलेजात असतानाच. दिंडोशीच्या वसाहतीतल्या त्या दीड खोलीत आता एक शेगडी, एक लोखंडी कपाट, भाऊंची आरामखुर्ची आणि ती स्वतः, एवढीच मंडळी राहत होती; त्यातल्या त्यात वडीलधारं शोधायचं तर खुर्चीलाच विचारावं लागलं असतं. पण वाक्य तोंडातून निसटलं होतं, आणि डॉक्टर कारखानीसांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "विचारा, विचारा. पण उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगा हं, नावं कळवायची आहेत," असं म्हणून ते आपल्या खोलीकडे वळले. ते कोचीनहून या प्रयोगशाळेत बदलून नुकतेच आले होते; नीलाच्या घरी कोण आहे आणि कोण नाही, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पलीकडच्या टेबलावरच्या क्षमाला मात्र ठाऊक होतं. भाऊ गेले तेव्हा ती घाटकोपरहून दोन बस बदलून भेटायला आली होती, गॅलरीत अवघडून उभी राहिली होती. तिने मायक्रोस्कोपवरून डोकं वर केलं, नीलाकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळा भिंगाला लावला. नीलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळिशीला टेकलेल्या बाईने सगळ्यांसमोर असं लहान मुलीसारखं सापडावं, याची तिला भयंकर लाज वाटली.

गोष्ट तशी साधीच होती. संशोधनाचं जहाज दसऱ्यानंतर मुंबईहून निघणार होतं. रत्नागिरी, मालवण करत कारवारपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं, ठरलेल्या जागी थांबून निरनिराळ्या खोलीवर जाळी सोडायची आणि परत यायचं. या खेपेला एक दोन बर्थांची केबिन मोकळी होती. एकटी बाई न्यायची नाही, दोघी असल्या तर न्यायच्या, असा वरचा हुकूम. क्षमा तर केव्हाची तयार होती, एका पायावर. तिची आई रत्नप्रभाबाई कडक. तिनेही शेवटी "नीलाताई असतील तर जा" एवढं म्हटलं होतं. म्हणजे नीला गेली तर क्षमा जाणार, नीला राहिली तर क्षमाचंही राहणार. हे क्षमाने स्वतः कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलली असती तर बरं झालं असतं, कारण न बोलता ती जी वाट पाहत होती तिचं ओझं नीलाच्या मानेवर सकाळपासून बसलं होतं.

नीला कोपेपॉड मोजायची. हा शब्द ती वसाहतीत कोणाला सांगायला जात नसे. कोणी विचारलंच तर "समुद्रातले किडे" म्हणे, आणि फारच खोदून विचारलं तर "जवळ्याची धाकटी भावंडं". जवळा सगळ्यांना कळतो. जहाजावरून बाटल्या येत, फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या. त्यातला थोडा गाळ आखलेल्या बशीत घ्यायचा, भिंगाखाली धरायचा, भाताच्या तुसाहूनही बारीक असा एकेक जीव सुईने बाजूला सारायचा, त्याची जात ओळखायची आणि डाव्या हाताने काउंटरचं बटण दाबायचं. टक, टक. प्रयोगशाळा सात बंगल्याला, अगदी पाण्यावर. पण समुद्राकडच्या खिडक्या बारा महिने बंद, कारण खाऱ्या हवेने भिंगांना बुरशी धरते. काचांना आतून खाकी कागद चिकटवलेले. वर्सोव्याच्या होड्या परतल्या की त्यांच्या यंत्रांची फटफट ऐकू यायची, ओल्या जाळ्यांचा वास फटीतून आत यायचा, एवढाच काय तो नीलाचा आणि समुद्राचा संबंध. बाकी सगळा समुद्र तिला बाटलीतून भेटला होता. तरीही बाटलीवरची चिठ्ठी न वाचता ती सांगू शके, हे पाणी कुठल्या महिन्याचं, वरचं की खालचं. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहिलं की जिन्यावरची पावलंही ओळखू येतातच.

आता बशीत होता तो गेल्या वर्षीच्या याच दिवसांतला समुद्र. पावसाळ्यात वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी ढकलून बाहेर नेतो आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर चढतं. त्या पाण्यात खत भरपूर, पण श्वास नाही. प्राणवायू जवळजवळ संपलेला. मग पाऊस सरतो, ऊन पडतं, वर कोमट पाण्याचं झाकण बसतं आणि ते थंड, गुदमरलेलं पाणी किनाऱ्याजवळ तळाशी कोंडून राहतं. एरवी या जिवांचा रोजचा रिवाज ठरलेला: दिवसा खाली अंधारात जाऊन बसायचं, कारण उजेडात मासे त्यांना टिपतात, आणि तिन्हीसांज झाली की चरायला वर यायचं. पण या दिवसांत खाली जावं तर श्वास नाही, वर राहावं तर मासा टपलेला. मग सगळे मधल्या एका पातळ थरात येऊन राहतात, एकमेकांना चिकटून, ना खाली ना वर. वरच्या जाळीची बाटली घट्ट पिठल्यासारखी येते आणि खालच्या जाळीची जवळपास नितळ. नीलाने हे इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिलं होतं, की तिला त्याचं काही वाटत नसे. आज मात्र ती वरच्या बाटलीतल्या त्या दाटीकडे पाहत राहिली.

खालची बाटली पुरती रिकामी मात्र नसे. एक जात तिथेही सापडायची, जिथे किनाऱ्याचा उतार संपून समुद्र खोल होतो तिथल्या पाण्यात. पावसाळ्यात ही मंडळी वर येऊन खातात, पितात, पिल्लं घालतात. मोसम संपला की पिल्लं खोल निघून जातात, आणि जाताना अंगात तेलाचा एक थेंब शिदोरीसारखा घेऊन जातात. हे जीव कात टाकत टाकत मोठे होतात; शेवटची कात टाकली की झाले प्रौढ. ही पिल्लं ती शेवटची कातच टाकत नाहीत. पाचव्या अवस्थेत येऊन थांबतात. खात नाहीत, हलत नाहीत, श्वास जेमतेम घेतात, आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत पडून राहतात. मासा तिथे येत नाही, कारण मासा तिथे मरेल. श्वास कमी घेतला की जिवाला धोका नाही, हे त्यांना कोणी शिकवलं देव जाणे. आणि एखाद्या वर्षी वाराच सुटला नाही, पाणी वर चढलंच नाही, तर त्यांचं काय होत असेल? तेलाचा थेंब संपेपर्यंत ती तशीच, मोठं व्हायची राहिलेली? सुईच्या टोकाखाली असलं एक पिल्लू होतं. अंगातला थेंब अजून चमकत होता. नीलाने बटण दाबलं. टक.

"घरी विचारून सांगते." हे वाक्य तिने सीतारामलाही सांगितलं होतं. सीताराम इथेच कामाला होता, पाण्याचा खारटपणा मोजायचा, बुटका, हसरा, बोलता बोलता शर्टाच्या बाहीने चष्मा पुसायचा. एकदा चहाच्या टपरीवर कप विसळता विसळता म्हणाला होता, "मी गोव्याच्या कचेरीत बदली मागतोय. तू पण माग की. म्हणजे... दोघांनी एकत्रच मागू." कळायला काही अवघड नव्हतं. तिला ते कळलं, आवडलंही, आणि तोंड म्हणालं, घरी विचारून सांगते. घरी तिने काय विचारलं? काहीच नाही. त्या संध्याकाळी तिने भाऊंना वरणभात वाढला, लोणच्याची फोड वाढली, आणि गिरणीत संप होणार का याबद्दल ते बोलत होते ते ऐकून घेतलं. आठवड्याने सीतारामने विचारलं तेव्हा म्हणाली, "घरी नाही जमायचं रे. भाऊ एकटे आहेत." तो म्हणाला, "असं म्हणाले ते?" आणि तिने मान हलवली. हो की नाही, कशीही घेता यावी अशी. सीताराम गोव्याला गेला. त्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा तिला भाऊंचा केवढा राग आला होता! दोन दिवस त्यांच्याशी ती धड बोलली नव्हती, आणि त्या बिचाऱ्यांना कारणसुद्धा कळलं नव्हतं.

भाऊ गिरणीत टाइमकीपर होते. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याची वेळ बघण्यात जन्म गेला. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि मग त्यांना वेळ बघायला उरली फक्त नीला. ती बसमधून उतरायची त्या सुमाराला ते गॅलरीत उभे असत, बनियनवर, हात कठड्यावर. रागावत नसत. उशीर झाला तर "आज बस चुकली वाटता?" एवढंच. ते रागावले असते तर फार सोपं झालं असतं, असं नीलाला कितीदा वाटलं होतं. भिंत असली की निदान डोकं आपटता येतं. कचेरीची अलिबागची सहल निघाली, क्षमाच्या जागी आधी काम करणारी मुलगी बोटीवर निघाली, मैत्रिणींनी गणपतीपुळ्याचा बेत केला, प्रत्येक वेळी भाऊंचं ठरलेलं, मालवणीत, मान दुसरीकडे वळवून: "जा गो तू. माका काय होतला? पाव खाईन नि पडान ऱ्हवान." पावाचा तो कोरडा तुकडा नीलाच्या घशात अडकायचा. ती जायची नाही. त्या पावाला तिने आयुष्यभर नकार धरलं होतं.

बस दिंडोशीला येईपर्यंत अंधारून आलं. वसाहतीत नवरात्राचा मांडव घातला होता, कोणीतरी माइक तपासत "हॅलो हॅलो" करत होतं. नीलाने सवयीने मान वर करून तिसऱ्या मजल्याची गॅलरी पाहिली. कठडा रिकामा, शेजारच्या द्रौपदीकाकूंचं लुगडं तेवढं वाळत होतं. आता कोणी वाट पाहत नव्हतं, तरी तिने गेल्या सात-आठ महिन्यांत एकदाही ती बस चुकवली नव्हती. आज जिना चढताना तिला हे पहिल्यांदा जाणवलं आणि मधल्या मजल्यावर ती थांबलीच. धाप लागली होती. खाली जाववेना, वर जाववेना, अशी ती जिन्याच्या दिव्याखाली पर्स छातीशी धरून उभी राहिली. मग वरून कोणाच्या तरी चपला वाजल्या, आणि लोक काय म्हणतील म्हणून ती निमूट वर गेली.

द्रौपदीकाकू दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. या बाईंना चहाच्या कपापासून घटस्फोटापर्यंत सगळ्यावर मत असे, आणि ते त्या मागितल्याशिवाय देत. नीला त्यांच्यासमोर उंबऱ्यावर टेकली आणि, आपलं आपल्यालाच नवल वाटत, म्हणाली, "काकू, मी बोटीवर जाऊ का? कामाची बोट आहे. पंधरा-वीस दिवस."

"मला काय विचारतेस?" काकूंनी सुपावरून डोकं वर केलं. "जा की! तुळशीला पाणी मी घालीन. चावी ठेवून जा म्हणजे झालं." त्यांनी एक खडा गॅलरीत भिरकावला. मग त्यांचा हात थांबला. "पण अगं, तुला पाण्याची भीती वाटते ना?"

"मला? कोणी सांगितलं?"

"भाऊंनीच की. नेहमी म्हणायचे. द्रौपदी, म्हणायचे, आमचं सगळं घराणं दर्यावर, माझा बाप तारवावर तांडेल होता, नि ही पोर समुद्राचं शिकली खरी, पण पाण्याक भिता. बोटीचं नाव काढलं की काहीतरी कारण सांगता आणि ऱ्हवता. मी कितीदा जा म्हटलंय, म्हणायचे, पण जायनाच. आई नाही ना पोरीला, तेवढी धीर द्यायला. फार वाईट वाटायचं त्यांना. मी म्हटलं, जाऊ द्या हो भाऊ, भीती वाटते तर वाटते, कशाला मागे लागता." काकूंनी सूप खाली ठेवलं. "का गं? अशी का बघतेस?"

"काही नाही," नीला म्हणाली. "चक्कर आल्यासारखं झालं जरा. उपास आहे ना."

कुलूप काढून ती आत आली आणि दिवा न लावता उभी राहिली. खुर्ची होती तिथेच होती, तिच्या कापडाला भाऊंच्या पाठीचा आकार धरलेला. या खुर्चीवर ती कधीच बसली नव्हती. भाऊ असताना प्रश्न नव्हता, आणि ते गेल्यावर धीर झाला नव्हता. आता ती बसली. कापड कुरकुरलं, ती अपेक्षेपेक्षा खोल गेली, गुडघे वर आले. समोर गॅलरीचं दार, त्यापलीकडे मांडवाच्या दिव्यांची माळ. इथून रस्ता दिसतो, बसचा थांबासुद्धा दिसतो, हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे ते इथे बसून बघत, आणि बस दिसली की उठून कठड्याशी जात. आणि मनात काय म्हणत? आली बिचारी. भित्री पोर आली परत. इतकी वर्षं ती समजत होती, की आपण म्हाताऱ्याला सांभाळतो. आणि इतकी वर्षं म्हातारा समजत होता, की आपण भित्र्या मुलीला सांभाळून घेतो. दोघं ताटाला ताट लावून जेवत होती. विचारलं असतं तर? साधं, सरळ, मी जाऊ का असं? पण विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, आणि मग जावं लागलं असतं. हा विचार आला आणि नीला खुर्चीत ताठ झाली. गोव्याला जावं लागलं असतं. सीतारामच्या हाताचा स्पर्श, परकं स्वयंपाकघर, बाळंतपण, सगळं घडू द्यावं लागलं असतं. भाऊंना तिने पांघरूण करून घेतलं होतं. काकूंना खरं तेच सांगितलं होतं भाऊंनी: ती भीत होती. पाण्याला सोडून बाकी सगळ्याला.

तिला रडू आलं नाही, आलं असतं तर मोकळं वाटलं असतं. उलट श्वास वरच्यावर चालला होता, गळ्यापाशीच, आणि तो खाली जाईना. ती उठली, कपाटावरची बॅग काढली, धूळ पुसली, दोन साड्या ठेवल्या, आणि परत काढल्या. बोटीवर साडी कशी चालेल? क्षमा पंजाबी ड्रेस घालते. आपल्याकडे तर नाहीच. मग जायचं कसं? या एवढ्याशा अडचणीने तिला केवढा आधार वाटला! हात लगेच बॅग बंद करू लागले. आणि तेवढ्यात तिने स्वतःला पकडलं, जशी सुईच्या टोकाने ती बशीतल्या एखाद्याला पकडत असे. आता भाऊ नाहीत तर साडी. उद्या साडी नसेल तर गुडघे. बॅग तशीच उघडी ठेवून ती न जेवताच अंथरुणावर पडली आणि आढ्याकडे बघत राहिली. उद्या काय बोलायचं ते तिला अजूनही ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कारखानीस स्वतःच टेबलाशी आले. क्षमाच्या बशीतलं पाणी सुकून कडेला मिठाची रेघ उठली होती, तरी ती भिंगात बघतच होती.

"हं, मग? घरी विचारलंत?"

"विचारलं," नीला म्हणाली. खोलीतला पंखा फिरत होता. जीभ टाळूला चिकटली होती, आणि त्या चिकटलेल्या जागी 'नाही' हा शब्द तयार, चांगला वापरून गुळगुळीत झालेला, फक्त सोडायचा अवकाश. तिने क्षमाची मान पाहिली. वाकलेली, कोवळी, वेणीखाली पावडरचा पांढरा पट्टा. ही मुलगी घरी विचारून आली होती, खरोखर विचारून, भांडून, रडून. आता नकार द्यायचा तर तो हिला भाऊंच्या नावाने द्यावा लागणार होता.

"काय म्हणाले? वडील ना घरी?"

"हो, वडील." तिचा आवाज तिलाच दुरून आल्यासारखा वाटला. भाऊ काय म्हणतात ते आठवायला तिला क्षणभरही लागला नाही. मान दुसरीकडे वळवलेली, हात कठड्यावर. "जा गो तू, म्हणाले."

"वा! छान." कारखानीस खूश झाले. "नाहीतर आपल्याकडे जुनी माणसं आडकाठी करतात. समंजस आहेत हो तुमचे वडील. माझा नमस्कार सांगा त्यांना."

"सांगते."

ते गेले. त्यांच्या खोलीचं दार लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीला स्वतःहून काही बोलली होती आणि त्याचंही कौतुक भाऊंच्याच पदरात पडलं होतं. रागवावं तर आता गॅलरीत कोणी नव्हतं. तिने भिंगाला डोळा लावला. बशीत नुसतं पाणी दिसत होतं, हललेलं, जात ओळखू न येणारं. मग खांद्यावर क्षमाचा हात आला.

"नीलाताई," ती अगदी हळू म्हणाली, "भाऊ... कधी म्हणाले असं?"

नीलाने डोळा भिंगावरून काढला नाही.

"नेहमीच म्हणायचे गं."